अंदमानला जाताय तर वर दिगलीपूरपर्यंत जा

सोलापुरातून अंदमानला जाणारी मंडळी आता काही कमी नाहीत. आमच्या गल्लीतलीच तीन-चार घरं जाऊन आलीत आणि सगळ्यांची ट्रिप जवळपास सारखीच असते, पोर्ट ब्लेअरला उतरायचं (नाव आता श्री विजयपुरम झालंय पण तोंडात अजून जुनंच बसलंय), सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढं हात जोडायचे, रात्री लाइट अँड साउंड शो, मग बोटीनं हॅवलॉक, नील आणि परत. जेल बघायलाच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही, मी त्या कोठडीसमोर उभी राहिले तेव्हा मला बोलता येईना. पण नकाशा उघडून बघा, पोर्ट ब्लेअर अगदी खाली आहे, त्याच्यावर मध्य अंदमान आणि त्याच्याही वर उत्तर अंदमान, आणि त्या वरच्या बेटावर सॅडल पीक नावाचा डोंगर आहे, अंदमान निकोबारमधला सगळ्यात उंच. त्याच्याभोवतीचं जंगल 1987 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, सरकारी यादीत क्षेत्रफळ 32.54 चौरस किमी. आपली माणसं तिथवर जातच नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

उंची आहे 732 मीटर. आता हे ऐकून कळसूबाई चढलेली माणसं म्हणणार, एवढंच? कळसूबाई 1646 मीटर आहे, बरोबर. आणि आपलं सोलापूर शहरच समुद्रसपाटीपासून साधारण 457 मीटरवर आहे, म्हणजे सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलेला माणूस हिशोबानं सॅडल पीकच्या निम्म्याहून वर बसलेला असतो. पण आपली उंची दख्खनच्या पठारानं आयती दिलेली आहे, आपल्याला ती जाणवतच नाही. तिथं तुम्ही अक्षरशः लाटेत पाय भिजवून चढायला सुरुवात करता, शून्यातून. आणि तो डोंगर भर समुद्रात उभा आहे, चहूबाजूंनी येणारी ओली हवा त्याच्यावर जाऊन थडकते. त्यातून काय काय होतं ते तिथं गेल्यावर कळलं.

मला तिथं नेलं ते माझ्या मामांनी. मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत आणि गेली कित्येक वर्षं त्यांचं एकच वेड, पक्षी. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला ते लूनावर जायचे त्या काळापासून. गड्डा यात्रा संपली की निघायचं असं ठरलं, जानेवारीचा शेवट, कारण तिकडं पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो आणि जानेवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडे. सोलापूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान, दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. मामींनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी एवढी बांधून दिली होती की बॅगेत कपड्याला जागा उरेना.

पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर रस्त्यानं सव्वातीनशे किमीच्या आसपास आहे, अंदमान ट्रंक रोड. पहाटे अंधारात निघायचं, जिरकाटांगला सगळ्या गाड्या थांबतात आणि ताफा करून पुढं सोडतात कारण तिथून पुढं जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही खायला द्यायचं नाही. 1956 सालापासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा रस्ता त्या पट्ट्यात बंद करा असा आदेशही दिला होता, तरी रस्ता चालूच आहे. खरं सांगते, त्या तासाभरात गाडीत बसून मला चैन पडलं नाही. कुणाच्या तरी घराच्या मधल्या खोलीतून आपण हॉर्न न वाजवता का होईना पण जातोय, हे मनातून जाईना. गाडीतले काही जण काचेला नाक लावून बसले होते, मामांनी मान खाली घातली आणि मिडल स्ट्रेट येईपर्यंत वर केली नाही. पुढं बाराटांग, रंगत, मायाबंदर करत संध्याकाळी दिगलीपूर. तिकडं जायला पोर्ट ब्लेअरहून जहाज पण आहे, एरियल बेच्या जेट्टीला लागतं, येताना आम्ही जहाजानंच आलो आणि माझं मत विचाराल तर जातानाही जहाजच धरा.

दिगलीपूर म्हणजे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारनं जमिनी देऊन वसवलेला भाग. भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, घरापुढं तळं, दुकानात मासे आणि मुरमुरे, सगळीकडं बंगाली. आणि घड्याळाची एक गंमत, अंदमान आपल्यापेक्षा सतरा रेखांश पूर्वेला पण वेळ आपलीच, त्यामुळं सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त लवकर उगवतो आणि लवकरच मावळतो. साडेपाचला दिवे लागलेले असतात. हे नुसतं गमतीचं नाही, डोंगर चढणाऱ्याला महत्त्वाचं आहे, कारण सोलापूरच्या हिशोबानं नऊला निघालात तर खाली यायच्या आधी जंगलात काळोख.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कालीपूरहून लामिया बेला. वनखात्याच्या चौकीवर नाव-गाव लिहून परवानगी घ्यायची, प्लास्टिक मोजून दाखवायचं आणि सोबत स्थानिक गाईड घ्यायचा. आमच्याबरोबर कालीपूरचाच एक पोरगा होता, विशीतला, त्याचे आजोबा बारिसालहून आलेले. शिखर एका बाजूनं साधारण 8 किमी, पण सुरुवातीचे काही किमी चढच नाही, समुद्राच्या कडेकडेनं जायचं, डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला सरळ उभं जंगल आणि मधे गोल गुळगुळीत धोंडे आणि मधून मधून डोंगरातून येणारे ओढे, गार पाणी, जानेवारीतसुद्धा वाहतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातली मी, प्रत्येक ओढ्याला थांबून तोंड धुवत होते, मामा मागून ओरडतायत, "अगं चल, अजून लई ओढे हायत पुढं!"

किनाऱ्यावर एके ठिकाणी पाण्याबाहेर पांढरट करडे खडबडीत खडक दिसले, हात लावला तर बारीक बारीक भोकं, फुलासारखी नक्षी. ते प्रवाळ होतं, मेलेलं. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या किनाऱ्याचा बराच भाग वर उचलला गेला आणि उथळ पाण्यातलं जिवंत प्रवाळ उघडं पडून वाळून मेलं, आणि त्याच वेळी खाली पोर्ट ब्लेअरच्या बाजूला जमीन खचली, शेतात समुद्र शिरला तो कायमचा. एकच धक्का, एक टोक वर आणि एक टोक खाली. सोलापूरकराला भूकंप समजावून सांगावा लागत नाही, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा धक्का आमच्या घरात भांडी पाडून गेला होता, आई अजून सांगते. पण किल्लारीत जमीन हादरली आणि घरं पडली, इथं जमिनीनं जागाच बदलली. मुळात ही बेटं म्हणजे म्यानमारमधल्या आराकान डोंगररांगेचाच समुद्रात बुडालेला पुढचा भाग आहे, वर दिसतात ती फक्त माथ्याची टोकं. म्हणजे आपण बेटावरचा डोंगर चढत नसतो, बेट हाच डोंगर असतो, पाय पाण्याखाली खोल गेलेले.

मग वाट आत वळते आणि एकदम अंधारते. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो. गर्जनची झाडं सरळ वर गेलेली, पहिली फांदी शोधायला मान मोडावी लागते, पडौकच्या बुंध्यातून पुरुषभर उंचीच्या फळ्या बाहेर आलेल्या, दोन फळ्यांच्या मधे माणूस आरामात बसेल. वेताच्या काट्यांनी माझी ओढणी दोनदा धरून ठेवली. आणि आवाज. आवाज फक्त किड्यांचा आणि पक्ष्यांचा, माकड नाही, वानराची खाकर नाही, कारण अंदमानच्या जंगलात मुळात माकड नाहीच, बिबट्या नाही, वाघ नाही, कोल्हा नाही. समुद्र ओलांडून जे पोहोचलं तेच इथं वाढलं आणि जे पोहोचलं ते एकटं पडून वेगळंच झालं. मामांच्या वहीत यादी होती, अंदमान सुतार, अंदमान कोतवाल, अंदमान भारद्वाज, अंदमान सर्पगरुड, अंदमानचं रानकबुतर, ही सगळी या बेटसमूहाबाहेर जगात कुठंच सापडत नाहीत. आपला भारद्वाज काळा आणि पंख तपकिरी, इथला सगळाच फिकट तपकिरी, बघून मामा कितीतरी वेळ हलेनात. सुतार आधी ऐकू आला, कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज, मग दिसला, काळाभोर आणि डोक्यावर लालभडक तुरा.

मला मात्र सगळ्यात आवडली ती एक पाल. हो, पाल! बुंध्यावर, माझ्या नाकापासून वीतभर लांब, हिरवीगार, पाठीवर तांबडे ठिपके आणि शेपटीकडं निळसर झाक. भर दिवसा फिरत होती. मला पालीची किळस आहे पण हिच्याकडं बघतच राहिले, ती मान तिरकी करून डोळ्यावरून जीभ फिरवायची, पालींना पापणी नसते ना, डोळा जिभेनंच पुसतात. गाईड म्हणाला "ये सिर्फ अंडमान में है दीदी." मामांनी पुढं सांगितलं ते जास्त भारी, या पालीचे सख्खे भाऊबंद राहतात मादागास्कर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर, हिंदी महासागराच्या पार त्या टोकाला, आणि मधे भारतात कुठंच नाहीत. ही एकटी इकडं कशी आली? त्या एवढ्याशा जिवामागं केवढा समुद्र आहे.

वाटेत हरणांची लेंडी दिसली तेव्हा मला बरं वाटलं, मामांना नाही. चितळ इथलं नव्हेच. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात शिकारीसाठी आणून सोडलं, त्याला खाणारा प्राणी बेटावर नाही, पोहून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातं आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करतं. म्हणजे म्हातारी झाडं उभी आहेत पण त्यांच्या खाली पुढची पिढी येत नाही. नागझिऱ्यात चितळ बघून आपण टाळ्या वाजवतो, तेच चितळ इथं जंगलाच्या मुळावर उठलंय. बेटावर कुठलीही गोष्ट आणून सोडायला किती सोपी आणि परत काढायला किती अवघड!

खरा चढ लागला तेव्हा मामांचे गुडघे बोलायला लागले. मुळांच्या पायऱ्या, ओली माती, धरायला वेल धरावा तर त्याला काटे. एका ओढ्यापाशी त्यांनी बूट काढले, पाण्यात पाय सोडले आणि म्हणाले, "मी हितंच बसतो. तू जाऊन ये. वर काय हाय ते नीट बघून सांग, फोटो नको दाखवू, सांग." आम्ही तिथंच भाकरी सोडली. कडक भाकरी हातानं मोडली की होणारा तो टचकन आवाज त्या जंगलात असा काही घुमला की गाईड दचकला, मग त्यानं शेंगा चटणी चाखली आणि आपल्या डब्यातले मुरमुरे आणि नारळाचा तुकडा आमच्यापुढं केला. मुरमुऱ्यावर शेंगा चटणी टाकून खाऊन बघा कधीतरी, लिंबू पिळून.

वर जाताना झाडं बुटकी होत गेली. खाली गगनाला भिडलेली आणि इथं माझ्या डोक्याच्या जरा वर, वाकडी, फांद्यांना शेवाळाचे जाड थर, दगडावर शेवाळ, पानावर सुद्धा शेवाळ. वाऱ्यामुळं आणि पातळ मातीमुळं माथ्यावरचं जंगल असं खुरटं राहतं. आणि ढग. आम्ही ढगातच होतो. शिखरावरून दोन्ही बाजूचा समुद्र दिसतो म्हणतात, मला वीस पावलांपुढचं काही दिसलं नाही आणि आम्ही थांबलो तेवढ्या वेळात ते बदललं पण नाही. पण मी शेवाळाचा एक झुबका मुठीत हलकेच दाबला तर बोटांमधून पाणी ओघळलं. त्या दिवशी पाऊस नव्हता, आदल्या दिवशी पण नव्हता. समुद्रावरून येणारी हवा वर चढते, गार होते, ढग होतो, तो ढग या झाडांना अडतो आणि थेंब थेंब खाली गळत राहतो, तेच खाली ओढे, आणि ह्याच डोंगरातून कालपोंग नदी निघते, अख्ख्या अंदमानातली नावाजण्यासारखी नदी तीच, आणि तिच्यावर 5.25 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. दिगलीपूरच्या भातखाचरात जे पाणी उभं आहे त्यातलं काही इथं वर, या बुटक्या झाडांनी ढगातून काढलेलं आहे. दिसलं नाही काही म्हणून वाईट वाटायचा प्रश्नच नव्हता, मी जे बघायला आले होते त्याच्या आतच उभी होते.

खाली आल्यावर मामांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले ते मी विसरणार नाही. "हिकडं डोंगर पाऊस देतोय आन् आपल्याकडं डोंगरच पाऊस अडवतोय. सह्याद्रीनं सगळं कोकणात आन् महाबळेश्वरात वतून घेतलं, म्हणून आपल्याला पाचशे-सहाशे मिलिमीटर. पण त्या कमी पावसावरच आपला माळ झाला की गं. जास्त पाऊस असता तर झाडं झाली असती, गवत नसतं, माळढोक नसता."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. शाळेपासून पर्जन्यछायेचा प्रदेश हे आपण रडगाणं म्हणूनच शिकलो. तिकडं वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस आणि त्यातून झालेलं ते घनदाट जंगल, त्याला आपण राष्ट्रीय उद्यान म्हणतो, लगेच पटतं. आणि नान्नजचं गवत? त्याला आपण पडीक म्हणतो. 1979 साली सोलापूर आणि नगर मिळून माळढोक अभयारण्य झालं, सुरुवातीला साडेआठ हजार चौरस किमीच्या आसपास, नंतर ते कमी करून 1222 वर आलं. त्या मधल्या काळात माळावर ऊस आला, विजेच्या तारा आल्या, आणि माळढोक हा जड पक्षी, समोरची तार त्याला चटकन दिसत नाही, धडकतो. मामांनी एका सकाळी अनेक माळढोक बघितलेत, आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. बेटावरच्या पक्ष्याला चहूबाजूंनी समुद्र असतो, त्याला जायला जागा नाही हे कुणालाही कळतं. आपल्या माळढोकाच्या चहूबाजूंनी उसाचा समुद्र झाला, आणि तो आपणच केला. मला राग येतो याचा. अंदमानचं जंगल वाचवा म्हणणारी मी पहिली, पण नान्नज तर घरापासून वीस-बावीस किमीवर आहे आणि तिथं अजून काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक पक्षी आहेत, गवत आहे. सोलापूरच्या किती पोरांनी ते बघितलंय?

असो, दिगलीपूरचं बाकीचं भराभर सांगते. कालीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि चार जातींची येतात, ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि सगळ्यात मोठं लेदरबॅक. वनखात्यानं तिथं अंडी जपायला कुंपण घालून जागा केली आहे. रात्री गार्डबरोबर गेलो, टॉर्च बंद, फोन बंद, आणि एक रिडले वर आली, मागच्या पायांनी आळीपाळीनं वाळू उपसत होती, एक पाय आत घालायचा, ओंजळीसारखा वळवून वाळू वर काढायची आणि बाजूला टाकायची, मग दुसरा पाय, बघायला डोळे नाहीत मागं पण भोक अगदी मडक्यासारखं गोल. वाळू किती गरम आहे त्यावर पिल्लू नर होणार का मादी हे ठरतं, हे गार्डनं सांगितलं. रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं एरियल बेहून बोटीनं बघता येतात, ओहोटीला मधे वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि चालत एका बेटावरून दुसऱ्यावर जाता येतं, फोटोत दिसतं तसंच आहे, सुंदर आहे, एक सकाळ पुरते.

जाणार असाल तर: जानेवारी ते मार्च, पावसात वाट घसरडी आणि जळवा फार. चढाई उजाडताच सुरू करा आणि किती वाजता वळायचं ते गाईडला ठरवू द्या. पाणी भरपूर न्या, पायात पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे. गुडघ्याचा त्रास असेल तर किनाऱ्याची वाट आणि पहिल्या ओढ्यापर्यंतचं जंगल एवढं केलं तरी भरून पावाल, मामांची बरीचशी यादी तिथंच झाली, मी शिखर गाठून आले आणि त्यांनी ओढ्याकाठी बसल्या बसल्या रानकबुतर बघितलं, जे मला अख्ख्या ट्रिपमध्ये दिसलं नाही. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. हॉटेलं साधी आहेत, नेट कधी असतं कधी नसतं, एटीएमवर भरवसा ठेवू नका, रोख बाळगा. आणि नान्नजला जायचं असेल तर मला कळवा, मामा दर रविवारी पहाटे निघतात आणि गाडीत जागा असते.